तुंग पुसट दिसतोय

मी काय काम करतो हे आमच्या नातेवाइकांत अजून कुणाला नीट कळलेलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत आमची विमल सांगून मोकळी होते, "पाण्याच्या फिल्टरचं बघतात." मग समोरचा माणूस त्याच्या घरच्या फिल्टरचं गाऱ्हाणं सुरू करतो. धार बारीक येते, चव वेगळीच लागते, मेकॅनिक फोन उचलत नाही. मी सगळं ऐकून घेतो. मी सांभाळतो ते पाणी प्यायचं नसतं, काचा धुवायचं असतं, हे जेवणाच्या रांगेत उभं राहून कुठं समजावत बसणार?

लोणावळ्यात आणि आमच्या मावळात गेल्या काही वर्षांत काच फार वाढली. पूर्वी बंगला म्हटलं की दगडी जोतं, कौलं आणि लाकडी खिडक्या. आता डोंगराच्या कडेला जो तो काचेची भिंत उभी करतो, कारण मुंबई-पुण्याचा माणूस इथं दरी आणि पाणी बघायलाच येतो. त्या काचेवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, उन्हाळ्यात लाल धूळ बसते. साध्या पाण्यानं धुतली, तर पाणी वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. ते पाण्यातले क्षार. उंच काचेला शिडी लावून फडकं मारायचं, तर माणसाच्या हाडांची खात्री नाही. म्हणून पाण्यातलं सगळंच काढून टाकायचं. असं पाणी लांब दांड्याच्या टोकाला लावलेल्या ब्रशातून वर सोडलं, की मळ सुटतो, पाणी ओघळून जातं आणि काच आपली आपण वाळते. साबण नको, पुसणं नको.

हे पाणी तयार करणारं यंत्र ठीक ठेवणं, एवढंच माझं काम. आधी गाळ अडवणारा फिल्टर. मग क्लोरीन शोषून घेणारा कार्बन. मग आरओची मेंब्रेन, म्हणजे घट्ट गुंडाळलेला एक पडदा. त्यातून पाणी दाबानं ढकललं की क्षार अलीकडं राहतात. तरी थोडं काही निसटतंच. ते धरायला शेवटी रेझिनची टाकी. रेझिन म्हणजे खसखशीएवढे, मधाच्या रंगाचे दाणे. त्यांची धरून ठेवायची ताकद संपली की ते बदलायचे. सगळ्यातून बाहेर आलेल्या पाण्यात मीटर बुडवला, की त्यावर शून्य आलं पाहिजे.

पूर्वी मी तळेगावच्या एका कारखान्यात बॉयलरसाठी असंच पाणी करायचो. कारखाना बंद पडला आणि पन्नाशीच्या आत घरी बसलो. पाणी शुद्ध करण्यापलीकडं दुसरं काही येत नव्हतं. बाळू शेलार तेव्हा दोरीवर लटकून इमारती रंगवायचा. गुडघा दुखावल्यावर जमिनीवर उभं राहून करता येईल असं काम तो शोधत होता. आम्ही एक जुना टेम्पो घेतला, त्यात टाकी आणि यंत्र बसवलं. दांडा बाळूचा, पाणी माझं.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची मिळाली. शिरगावला देवळात येणाऱ्या भक्तांसाठी एक लॉज आहे. त्याच्या मालकानं पहिल्याच दिवशी मीटरवरचं शून्य बघितलं आणि गावभर सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो, तर शेजारपाजारचे लोक कॅन घेऊन उभे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला असंच पाणी लागतं ना! बाळू वैतागून म्हणाला, "रोकडे, आपून काचवाले हाय का बॅटरीवाले, ते एकदा ठरवा." लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या मॅनेजरला तर नुसत्या पाण्यानं काच स्वच्छ होते हेच पटेना. "फेस दिसला पाहिजे. गेस्ट आतून बघत असतात," असा त्याचा हट्ट. मग बाळू आधी गेस्टसाठी काचेवर फेस फासायचा आणि नंतर तो धुवायला दुप्पट पाणी घालवायचा.

अशा गमती पुष्कळ सांगता येतील. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो, तेव्हा डोळ्यांसमोर आल्या त्या पवनेच्या काठच्या माई. त्यांची हकिकत गमतीची नाही. त्यांच्या घरच्या पाण्यात काही बिघाड नव्हता, हे आधीच सांगतो. त्यांची नजर जात होती, आणि मी एवढ्या इमानानं यंत्र उघडून बघत राहिलो.

कामशेतहून पवनानगर ओलांडून पुढं गेलं, की धरणाच्या पाण्याच्या वर, उतारावर त्यांचं घर. माईंचे यजमान इंजिनिअर होते. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं हे घर बांधलं आणि पाण्याच्या बाजूची अख्खी भिंत काचेची केली. बसायच्या खोलीतून बघितलं की डावीकडं तिकोना, मधे पाणी, उजवीकडं तुंग, असे दोन किल्ले दोन हातांना. यंत्रांची आवड असल्यामुळं साहेबांनी काच धुण्याचा आरओ घरातच बसवून घेतला. गच्चीवर टाकी आणि मागं पंपाच्या खोलीत यंत्र. त्याची निगा माझ्याकडं आली. मी यंत्र बघायचो, बाळू काचा धुवायचा. साहेब माझ्यामागं उभं राहून प्रत्येक नट नीट आवळला का बघायचे. ते गेल्यावर माई तिथं एकट्या राहिल्या. मुलगा अभय पुण्यात, मोठ्या नोकरीत. तो म्हणायचा आमच्याकडं या. त्या म्हणायच्या, बघू.

सोबतीला हौसाबाई. वरच्या वाडीतली, घरची भातशेती असलेली बाई. सकाळी यायची, स्वयंपाकपाणी करून दिवस मावळायच्या आत जायची.

माईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली. दिवसभर कानाला आवाज लावून बसायचं काम. त्यामुळं त्यांचा कान विलक्षण होता. टेम्पो फाटकात शिरला की आतूनच हाक यायची, "कैलास, आज ब्रेक वाजतोय तुझा." बाळू पायरीवर चढला की न बघता म्हणायच्या, "बाळू, गुडघा जास्त दुखतोय का रे?" आम्हाला मोठं कौतुक वाटायचं. त्या बघत नाहीत, नुसत्या ऐकतात, हे त्या कौतुकात लक्षातच आलं नाही.

पहिली तक्रार आली ती साहेब गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. माईंचा फोन, "कैलास, काच नीट धुतली जात नाही. तुंग पुसट दिसतोय."

मी गेलो. त्या वेळी तक्रार अगदी खरी होती. पंपाच्या खोलीत शिरलो तोच मासळीसारखा वास आला. रेझिन संपलं की असा वास सुटतो. उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड झालं होतं आणि दाणे आमच्या अंदाजाच्या आधीच संपले होते. काचेवर खरोखर ठिपके होते, मला दिसले, बाळूला दिसले. रेझिन बदललं, काचा पुन्हा धुतल्या. माई काचेपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता कसं लख्ख!" मी खूश.

मागं वळून बघताना मला त्या पहिल्या तक्रारीचंच सगळ्यांत वाईट वाटतं. तेव्हा रेझिन चांगलं निघालं असतं, तर मी तिथंच म्हणालो असतो, की माई, पाणी बरोबर आहे, काच बरोबर आहे, दुसरीकडं काही असेल. पण दोष सापडला. त्यामुळं माईंची तक्रार म्हणजे यंत्रात दोष, हे त्यांच्याही मनात बसलं आणि माझ्याही.

पावसाळ्यात आम्ही काचा धुवायचं बंद ठेवतो. दिवाळी झाली आणि पुन्हा फोन. "उजवीकडची काच धूसर आहे रे. तुंगाच्या बाजूची."

मीटर लावला. शून्याऐवजी दोन-तीन दाखवत होता. एरवी कुणी त्याकडं बघितलंही नसतं. पण मी मेंब्रेन काढून बघितली, जुनी झाली होतीच, बदलली. बाळूनं काचा धुतल्या. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "रोकडे, काच साफ हाय. काय बी न्हाई तिच्यावर."

"माईंना दिसतंय ना."

"धुकं आसंल. थंडीत पान्यावर धुकं ऱ्हातंच."

मी माईंना तसं सुचवून बघितलं. त्या जरा रागावल्या. "धुकं मला कळतं, कैलास. धुकं दोन्हीकडं असतं. हे एकाच बाजूला आहे."

त्यांचं बोलणं इतकं मुद्देसूद, की माझा स्वतःवरचाच विश्वास कमी झाला. घरी येऊन मी विचार करत राहिलो. एकाच बाजूला का? उजवीकडच्या काचेला जाणाऱ्या नळीत काही साचलंय का? मी नळी बदलली. ब्रश बदलला. कारखान्यात आम्हाला शिकवलं होतं, की दोष एका जागी पुन्हापुन्हा येत असेल, तर मागं मागं जात मूळ शोधायचं. मी काचेपासून नळीपर्यंत, नळीपासून टाकीपर्यंत, टाकीपासून बोअरपर्यंत मागं गेलो. काचेपासून पुढं, बघणाऱ्या माणसाकडं जायचं मला सुचलं नाही.

खरं तर दिसत होतं पुष्कळ. एकदा त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा ओतला आणि तो कपाच्या बाहेर बशीत गेला. मी म्हटलं, "असू द्या माई, मी घेतो." म्हातारपणी हात थरथरतो, असं वाटलं. एकदा त्या उजव्या बाजूच्या स्टुलाला अडखळल्या आणि हौसाबाईवर करवादल्या, की वाटेत वस्तू का ठेवतेस. तो स्टूल तिथंच असायचा, साहेबांच्या वेळेपासून.

पुढच्या उन्हाळ्यात मी एक मोठा शोध लावला. त्या घराची काच दुहेरी होती, दोन काचांच्या मधे बंद हवा. कडेची रबरी पट्टी खराब झाली की आत वाफ शिरते आणि काच आतून धुरकटते. बाहेरून कितीही धुवा, उपयोग नाही. ही गोष्ट मला ठाऊक होती आणि ती एकदम डोक्यात आली. उजवीकडच्या काचेची पट्टी खालच्या कोपऱ्यात जरा सुटलीही होती. मी माईंना सांगितलं, अभयला फोनवर सांगितलं. त्यानं फार विचारलं नाही. "काका, आईला तिथं बसायला आवडतं. काय लागेल ते करा," म्हणाला.

पुण्याहून नवी काच आली. माणसांनी ती उचलून बसवली, आम्ही धुतली. दुपारी स्वच्छ ऊन होतं. माई खुर्ची ओढून समोर बसल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "छान. छान झालं. दमलात तुम्ही, हौसा, यांना काहीतरी खायला दे."

तुंगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी विचारलंही नाही.

त्यानंतरचा सगळा पावसाळा त्यांचा फोन आला नाही. मला वाटलं, जिंकलो. चार ठिकाणी मी ती काचेची गोष्ट सांगितली असेल, दोष कसा पकडला म्हणून.

पाऊस उघडल्यावर नेहमीच्या धुण्यासाठी आम्ही गेलो. काम झालं. मी आत जाऊन माईंना म्हटलं, "बघून घ्या, माई." त्या काचेपाशी खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "उजवीकडं थोडं राहिलंय बघ."

मी काचेजवळ गेलो. शेवाळ नाही, ठिपका नाही. पलीकडं हिरवागार तुंग, त्याच्यावरच्या रेघा मोजता याव्यात इतका स्पष्ट. मी म्हटलं, "नेमकं कुठं, माई?"

"ते काय, तुंगाच्या खाली. हात ठेव तिथं, म्हणजे सांगते."

मी काचेवर हात ठेवला.

"ठेव ना रे."

"ठेवलाय, माई."

त्यांचं तोंड समोर पाण्याकडं, मान जराही हलली नाही. मग हळूच विचारलं, "कुठं?"

मी बोटानं काचेवर टकटक केलं. तशी त्यांची मान आवाजाकडं वळली. पूर्ण वळली तेव्हा कुठं त्यांना माझा हात दिसला असावा. म्हणाल्या, "हो. आहे की." आणि लगेच, "निघालं वाटतं ते."

हौसाबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. माझ्याकडं बघून तिनं ट्रे तसाच मागं नेला.

मी पंपाच्या खोलीत आलो. काम काही नव्हतं, उगाच झाकण काढून पुन्हा लावलं. मागोमाग हौसाबाई आली. दाराशीच उभी राहून डोळ्याला पदर लावला.

"रोकडेभाऊ, माईंस्नी त्या अंगाचं दिसत न्हाई."

"कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

"मला कुटं काय वाटलं? आत्ता तुमचा हात बघितला आन् मंग ध्येनात आलं. ताटात उजवीकडं भाजी वाढते, ती तशीच ऱ्हाती. डावीकडची चटनी, कोशिंबीर संपती, भात संपतो, भाजी जागच्या जागी. किती म्हैनं झालं. मला वाटायचं माज्या हाताची चव गेली. मी रुसले बी त्यांच्यावर. दोन-दोन भाज्या करून बघितल्या. कशाला हात लावतील? त्यांना दिसतच नव्हती!"

मी तिथंच बादलीवर बसलो. बाळू पाइप गुंडाळत आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता पोराला कळवाया पायजे."

ते कळत होतं. पण आम्ही निघताना माईंनी मला थांबवलं. जवळ येऊन, खालच्या आवाजात म्हणाल्या, "कैलास, अभयला काही बोलू नकोस."

"माई, डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. उशीर नको."

"दाखवते मी. माझं मी बघते. तू बोललास, की तो मला घेऊन जाईल आणि हे घर संपलं." त्या विनवत नव्हत्या. एक्स्चेंजमध्ये निरोप सांगावा तसं सरळ सांगत होत्या. "मला इथं राहायचंय."

मी मान हलवली. हो म्हणालो का, ते मला आठवत नाही. गाडी पवनानगरपर्यंत आणली आणि रस्त्याच्या कडेला थांबवली. समोर आठवड्याच्या शेवटाला आलेली पुण्याची पोरं तंबूचं सामान उतरवत होती. बाळू म्हणाला, "एकटी बाई हाय. उद्या पायरी चुकली तर आपल्याला झोप यील का?" मी अभयला फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. आईला पुण्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्याची नाकाकडची बाजू गेलेली, म्हणून उजवीकडचं दोन्ही डोळ्यांनी दिसेना. आता औषधाचे थेंब घालून उरलेलं जपायचं. गेलेलं परत येत नाही. हे सगळं अभयनं फोनवर सांगितलं आणि मग विचारलं, "काका, तुम्ही एवढ्या वेळा येत होता. कुणाच्याच लक्षात कसं नाही आलं?" मग तोच पुढं म्हणाला, "मी कुणाला विचारतोय म्हणा! मी तर मुलगा आहे. काच बदलायला सांगून मोकळा झालो."

मी भीत भीत विचारलं, की पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे पहिल्या तक्रारीच्या वेळी डॉक्टरांकडं नेलं असतं तर? तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, बरंच वाचलं असतं." ते वाक्य त्यानं फार साधेपणानं सांगितलं. काचबिंदू हा शब्द मी आधी ऐकलेला होता. आमच्या वस्तीत दोन म्हाताऱ्यांना झाला होता. पण मोतीबिंदूसारखंच काहीतरी, ऑपरेशन केलं की बरं होतं, अशी माझी समजूत. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

माई परत आल्या त्या सामान आवरायला. अभयनं मला यंत्र बंद करून ठेवायला बोलावलं होतं. पाणी साचून राहिलं तर मेंब्रेन कुजते, म्हणून ती काढून औषधाच्या पाण्यात ठेवावी लागते. मी ते करत होतो. माई व्हरांड्यात बसून होत्या. हौसाबाई एकेक भांडं आणून विचारायची, हे न्यायचं का, आणि त्या हातानं चाचपून सांगायच्या. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. गाडीत बसताना हौसाबाईला जवळ घेतलं, बाळूच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडं तोंड करून नुसतं, "येते," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घर अभयनं विकलं नाही, पण आता ते सुट्टीच्या दिवशी भाड्यानं देतात. काचा आम्हीच धुतो. लोक येतात, काचेपुढं फोटो काढतात, पोहायला पाण्यात उतरू नका म्हटलं तरी उतरतात. हौसाबाई तिथं कामाला जात नाही. तिनं वाडीतच राहून शेती धरली. रस्त्यात भेटली की एकच विचारते, "माईंचा काय निरोप?"

तेव्हापासून मला एक सवय लागली. कुणी म्हणालं की काच धूसर आहे, तर मी आधी मीटर काढत नाही. म्हणतो, "जरा एक डोळा झाकून बघा बरं. आता दुसरा." लोकांना हे विचित्र वाटतं. लोणावळ्याच्या त्या फेसवाल्या मॅनेजरनं मला हाकलायचंच बाकी ठेवलं होतं. "तुमचं काम धड नाही आणि माझे डोळे तपासता?" त्याची काच खरोखरच घाण होती, त्यात त्याची चूक नव्हती. कामशेतच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्यानं मात्र हसत हसत डोळा झाकला आणि त्याचं हसू थांबलं. तो पुण्याला जाऊन आला. त्याचं सुरुवातीलाच कळलं. थेंब घालतो, दुकानात बसतो, मी दिसलो की आत बोलावून चहा पाजतो. मला आनंद होतो, नाही असं नाही. पण तो चहा घशाखाली उतरताना मला दरवेळी माई आठवतात आणि वाटतं, हे शहाणपण मला त्यांच्या डोळ्यांच्या बदल्यात मिळालं.

त्यांना भेटायला जायचं मी टाळत होतो. विमल सारखी म्हणायची, "जाऊन या. काय बोलतील ते बोलू द्या." शेवटी मागच्या हिवाळ्यात गेलो. हौसाबाईनं इंद्रायणी तांदूळ बांधून दिला होता.

अभयचा फ्लॅट उंच इमारतीत. दार सुनेनं उघडलं. मी काही बोलायच्या आतच आतून माईंचा आवाज आला, "कैलास आलाय." माझ्या चपला काढण्यावरून ओळखलं असावं.

त्या वाळल्या होत्या. डावा डोळाही पुष्कळ गेला होता, औषधाला दाद देत नव्हता. खोलीत हातांच्या खुणेनं फिरत होत्या. तांदळाची पिशवी मांडीवर घेतली, मूठभर काढून वास घेतला, म्हणाल्या, "हौसाच्या खाचरातला." मग बाळूची, धरणाच्या पाण्याची, हौसाबाईच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी झाली. सून चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी मन घट्ट करून म्हटलं, "माई, मी तुमचं ऐकलं नाही. तुमचं घर सुटलं."

"बरोबर केलंस. पायरीवरून पडून मेले असते."

"मग माझ्याशी बोलला का नाहीत, जाताना?"

त्यांनी मांडीवरच्या पिशवीचं तोंड गुंडाळलं. "बोलले असते तर रडू आलं असतं. अभय घाबरला असता."

मला धीर आला. म्हणून ते विचारलं, जे इतके दिवस मनात होतं. "माई, तुम्हाला कधी कळलं? खरं सांगा."

"नवी काच बसवली ना, त्या दिवशी."

"पण तुम्ही तर छान म्हणालात!"

"तुम्ही सगळे किती राबला होता. आणि मला कळून चुकलं होतं, की काच बदलून तुंग आला नाही, म्हणजे आता बदलायला माझ्याकडचंच उरलंय."

"तेव्हाच सांगितलं असतं तर…" माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी हात पुढं करून माझा हात शोधला.

"अरे, तू यायचास, गच्चीवर चढायचास, यंत्र उघडायचास. दर वेळी काहीतरी सापडायचं आणि ते तू दुरुस्त करून जायचास. मला बरं वाटायचं, दुरुस्त होण्यासारखं आहे म्हणून. डॉक्टर एकदाच सांगणार होता. तेवढा एक पावसाळा मी काढून घेतला. पाऊस उघडल्यावर 'राहिलंय' म्हणाले, तेही त्याचसाठी. मधे पाणी होतं, डावीकडं तिकोना होता. पुष्कळ होतं बघायला."

तो पावसाळा त्यांना फार महाग पडला, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सून चहा घेऊन आली. मग आम्ही लोणावळ्याच्या गर्दीबद्दल बोललो.

निघालो तेव्हा सून म्हणाली मी सोडते लिफ्टपर्यंत, पण माईंनी ऐकलं नाही. भिंतीला हात लावत त्या माझ्याबरोबर दाराबाहेर आल्या. लिफ्ट आली, मी आत शिरलो, म्हटलं, "येतो, माई." त्यांनी हसून हात वर केला आणि हलवू लागल्या. त्या जिन्याकडं तोंड करून उभ्या होत्या. तिथं कुणी नव्हतं. मी पुन्हा मोठ्यानं "येतो" म्हणालो. त्यांची मान आवाजाकडं वळायला लागली, आणि मधेच लिफ्टचं दार मिटलं.